बाथरूममध्ये मी पडलोच नव्हतो

"काका, नुसता पाय घसरून हातावर पडल्याचं हे वाटत नाही मला," मोठे डॉक्टर एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले. "तुम्ही बसकण मारून आपटलेले दिसता. तेही चांगल्या जोरात."

फिल्मवर माझा पाठीचा कणा होता. सगळे मणके चौकोनी आणि एकच पुढून चेपलेला. 'एल वन कॉम्प्रेशन फ्रॅक्चर', ते म्हणाले. एल वन म्हणजे कमरेचा पहिला मणका. कॉम्प्रेशन म्हणजे वरून दाब येऊन तो चेपणं.

मी तोंड उघडायच्या आत माझी बायको सुमन बोलली. "फरशी ओली होती हो डॉक्टर. कपड्यांच्या पावडरचं पाणी सांडलेलं होतं. माझीच चूक आहे."

मला दवाखान्यात आणून चौथा दिवस होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगत होती. मी डाव्या हाताने पांघरूण सारखं करत बसलो. त्या क्षणाची लाज मला मणक्यापेक्षा जास्त दिवस दुखली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी नाशिक रोडला राहतो, वय एकसष्ट. नोकरीभर मशीनवर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. सेक्रेटरी म्हणून मी पहिलं काम केलं ते एक सूचना लावण्याचं: 'पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक खेळणी चालवू नयेत. अपघात झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.' खाली माझी सही आणि शिक्का. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते मी लॅमिनेट करून लावलं होतं.

आमचा मुलगा निखिल पुण्याला असतो. दसऱ्यासाठी दोन दिवस आधी आला तेव्हा त्याने स्वतःचा हॉवरबोर्ड आणला होता. नावात तरंगणं असलं तरी ते दोन चाकांवर चालतं. मध्ये पाय ठेवायची फळी, खाली बॅटरी आणि मोटर. हातात धरायला काही नाही. बोटांवर भार दिला की पुढे, टाचांवर दिला की मागे. तोल ते यंत्रच सांभाळतं, असं निखिल म्हणाला. सुमन त्याला 'चाकांचा पाट' म्हणायची. गाडीत सामान मावेना म्हणून तो पाट निखिल जाताना आमच्याकडेच ठेवून गेला.

निखिल तो चालवताना मी पाहिलं होतं. हात मागे बांधून तो पार्किंगमधून असा सरकत गेला की मला हेवा वाटला. हे मी कुणाला बोललो नाही. या वयात असली हौस सांगितली तर लोक म्हातारचळ म्हणतात, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तर ते व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हणतात.

मग दुपारची वेळ निवडली. दोन ते तीन वॉचमन जेवायला जातो, मुलं शाळेत असतात. कॅमेऱ्याचा पासवर्ड सेक्रेटरीकडेच, म्हणजे माझ्याकडेच. अशी तयारी मी आयुष्यात चांगल्या कामासाठी कधी केली नाही.

आता माझी खरी चूक ऐका. खंडेनवमीला सुमनने स्कूटर, गाडी आणि त्यांच्याबरोबर त्या पाटाचीही पूजा केली होती. मधोमध हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं, झेंडू सुकला होता तरी माळ होती. मी माळ काढून बाजूला ठेवली, पाटाला हात लावून नमस्कार केला आणि पाय ठेवणार तोच थांबलो. पुजलेल्या वस्तूवर चपला घालून कसं उभं राहायचं? मन धजेना. मग चपला काढल्या आणि पायमोजे घालून उभा राहिलो. गुळगुळीत फळी आणि वर नायलॉनचे मोजे. त्या भक्तिभावाची शिक्षा कुठल्याच देवाने ठरवली नसेल, ती मी स्वतःच ओढवून घेतली.

पहिले दोन दिवस खांब धरून जेमतेम उभं राहणं जमलं. तिसऱ्या दिवशी खांब सोडला आणि लिफ्टपर्यंत गेलो. पाय न उचलता गेलो. खोटं कशाला बोलू, त्या पंधरावीस पावलांच्या अंतरात मला फार आनंद झाला.

आनंद झाला खरा, पण उतरायचं कसं हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मी आयुष्यभर सिटी बसमधून उतरलेला माणूस. चालत्या गाडीतून उतरताना तोंड पुढे आणि पाऊलही पुढे, हे अंगात मुरलेलं. तसाच डावा पाय पुढे टाकला. हॉवरबोर्डवरून मागे उतरायचं असतं, एकेक पाय मागे घेत, हे मला नंतर समजलं. उजव्या पायाच्या भाराने बोर्ड गर्रकन फिरला, मोजा सरकला आणि मी मागे बसलो तो थेट सिमेंटवर. उजवा हात मागे टेकला, त्याचा आवाज मला ऐकू आला.

आजूबाजूला कुणी नव्हतं. दुखण्याआधी मी तेच पाहिलं.

बोर्ड पायाने ढकलत स्कूटरमागे सारला, चपला घातल्या, लिफ्टने वर आलो. सुमन भिशीला गेली होती. जाण्याआधी तिने कपड्यांची पावडर टाकून बाथरूम घासलं होतं, फरशी अजून ओलसर होती. मी आत गेलो, अर्धी बादली स्वतःच्या अंगावर आणि फरशीवर ओतली, आणि खाली बसून राहिलो. अर्ध्या तासाने ती आली. दार उघडं, मी भिजलेला, हात वाकडा. तिच्या हातातली पिशवी तिथेच पडली.

"माझी फरशी पुसायची राहिली," हे तिचं पहिलं वाक्य होतं.

मी नाही म्हणालो नाही. तिथून पुढे जे झालं ते सगळं त्या एका न बोललेल्या 'नाही'मुळे झालं.

दवाखान्यात ड्यूटीवरच्या मॅडम तरुण होत्या. मनगटाचा एक्स-रे पाहून म्हणाल्या, "डिस्टल रेडियस फ्रॅक्चर आहे." म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाताचं हाड मनगटाजवळ मोडलं होतं. प्लेट आणि स्क्रू बसवायला लागणार होते. मग त्यांनी विचारलं, "पडण्याआधी चक्कर आली होती का? डोळ्यांपुढे अंधारी?"

नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग नेमके कसे पडलात? मी म्हणालो, "नीट आठवत नाही."

खोटं एकटं राहत नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस पडतो आणि त्याला आठवत नाही, म्हटल्यावर डॉक्टर काय करतील? ऑपरेशन थांबलं. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. टू-डी इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीला होल्टर बांधला, हे यंत्र चोवीस तास ठोके नोंदवतं. त्यासाठी मला उठवत होते, बसवत होते, चालवत होते. कंबर दुखते म्हणालो तर सगळे म्हणाले, पलंगाची गादी वाईट आहे. हातावर पडलेल्या माणसाच्या कमरेचा फोटो कोण काढणार?

बाहेरच्या बाकावर सुमन बसून असायची. आत पेशंट म्हणून मी, आणि बाहेर आरोपी म्हणून ती.

निखिल फोनवर म्हणाला, "आई, तुला किती वेळा सांगितलं ती मॅट टाक म्हणून." सुमन म्हणाली, "हो रे, राहिलंच." शेजारणी यायच्या, स्वतःच्या बाथरूमला खडबडीत टाइल कशा बसवल्या ते तिला सांगायच्या. दुसऱ्या दिवशी सटाण्याहून माझी थोरली बहीण आली, आक्का. मायेची आहे, पण तोंडाला कुलूप नाही. वॉर्डात सहा पलंग, सहाही नातेवाईकांसकट भरलेले. आक्का सगळ्यांदेखत तिच्या अहिराणीत म्हणाली, "सुमन, न्हानी कोरडी ठेवाले काय जास व तुनं? मन्हा भाऊना हात मोडना ना."

सुमन खाली बघत राहिली. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं. या सगळ्या प्रकरणात मी सर्वांत वाईट काय केलं असं कुणी विचारलं, तर मी हे सोंग सांगेन.

तिने जेवण कमी केलं होतं. मला मात्र ती डाव्या बाजूला बसून वरणभात भरवायची, दर घासाला फुंकर घालून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या उजव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. ड्यूटीवरच्या मॅडम केस पेपर उघडून स्वतःशीच वाचत होत्या, "अलेज्ड हिस्ट्री ऑफ फॉल इन बाथरूम."

मला त्यातला एकच शब्द ऐकू आला. अलेज्ड म्हणजे कथित. वर्तमानपत्रात 'कथित आरोपी' असतो, तसा मी कथित बाथरूममध्ये पडलो होतो. यांना कळलं, असं मला वाटलं. मी विचारलं, "अलेज्ड का लिहिलं मॅडम?"

"काका, ते आम्ही सगळ्यांच्याच पेपरवर लिहितो," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडलात तेव्हा आम्ही तिथे नव्हतो ना? पेशंट सांगतो ते आम्ही लिहितो, एवढाच त्याचा अर्थ."

मग त्यांनी पाय तपासला, पाठीवर एका जागी बोट दाबलं आणि मी ओरडलो. रात्रीच एमआरआय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर ती फिल्म घेऊन आले आणि सुमन म्हणाली, माझीच चूक आहे.

डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले होते. मुंग्यांमुळे मी घाबरलो होतो हे खरं. पण तिने ज्या सवयीने ते वाक्य म्हटलं, जसं काही नाव-गाव सांगावं, ते मला ऐकवेना.

"मी बाथरूममध्ये पडलो नाही," मी म्हणालो. "पार्किंगमध्ये पडलो. हॉवरबोर्डवरून."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "हाड मोडलंय ते आम्हाला फोटोत दिसतं. कसं मोडलं ते दिसत नाही. ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तुमच्या कण्याचा फोटो आधी काढला असता आणि तुम्हाला चार दिवस उठबस करू दिली नसती. थोडक्यात वाचलात. मज्जारज्जूला धक्का नाही."

मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या आतली मुख्य नस, जिच्यामुळे पाय चालतात. एवढं सांगून ते पुढच्या पलंगाकडे गेले.

सुमनने एवढंच विचारलं, "फरशीवर पाणी होतं ते?"

"मी ओतलं."

ती खुर्चीवर बसली. "त्या पाटावर चढलात त्याचं मला काही नाही. हौस असते. खोटं बोललात तेही एक वेळ समजते. पण चार दिवस मी रडत होते आणि तुम्ही पलंगावरून बघत होतात."

"हो, बघत होतो," मी म्हणालो.

मनगटाचं ऑपरेशन झालं. कण्याला ऑपरेशन लागलं नाही. खांद्यापासून कमरेपर्यंतचा ब्रेस आला, म्हणजे पाठ वाकू न देणारा पट्टा, तीन महिन्यांसाठी. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पायाच्या मुंग्या आठवड्याभरात गेल्या.

निखिल येऊन बोर्ड घेऊन गेला. आधी तो हसला, मग आईशेजारी जाऊन बसला. जाताना त्याने मला शिकायचं कसं ते सांगितलं, ते तुमच्यासाठी लिहून ठेवतो. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घातल्याशिवाय चढायचं नाही. पायात पकड असलेले बूट हवेतच, बोर्ड कितीही पुजलेला असो. सुरुवातीला समोर एक माणूस उभा करून त्याचे दोन्ही हात धरायचे. नजर पायांकडे नाही, समोर. आणि चढण्याआधी उतरायला शिकायचं, मागच्या बाजूला. यातली माणसाची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. मला समोर माणूस नको होता, म्हणूनच मी पडलो आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सुमनने माझा फोन माझ्यासमोर ठेवला. "आक्कांना तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर. स्पीकरवर."

मी म्हणालो, निखिल सांगेल की. तिने फोन आणखी माझ्याकडे सरकवला. मी फोन लावला.

सगळं सांगितलं. बोर्ड, मोजे, बादली. आक्का मध्ये एकदाही बोलली नाही, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल. माझं संपल्यावर तिने मला एक शब्दही विचारला नाही. म्हणाली, "सुमन, तठे शे का तू?"

"आहे आक्का."

"मी तुले चार लोकमा बोलनू. माले माफ कर, माय."

"असू द्या आक्का. तुम्हाला कुठे माहीत होतं," सुमन म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. चार दिवस दवाखान्यात ती रडली होती ते वेगळं होतं.

फोन बंद झाला. आक्काची काही चूक नव्हती, तिला जे सांगितलं गेलं त्यावर ती बोलली होती. तरी तिने एका वाक्यात माफी मागितली. मी डॉक्टरांना खरं सांगितलं, सुमनला सांगितलं, मुलाला सांगितलं, आता बहिणीलाही सांगितलं. आणि मला लख्ख जाणवलं की एवढ्या सगळ्या सांगण्यात मी सुमनला 'माझं चुकलं' असं एकदाही म्हटलेलं नाही. खरं सांगितलं की झालं, असं मी धरून चाललो होतो.

"सुमन," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर."

ती उठली. माझ्या पाठीमागे येऊन तिने ब्रेसचा सैल झालेला पट्टा ओढून घट्ट केला.

"सरळ बसा," ती म्हणाली. "आणि परत म्हणा. मघाशी नीट ऐकू आलं नाही."

मी परत म्हणालो.