येथे गाडी सोडू नये

जगातली प्रत्येक वस्तू भलत्याच जागी उभी आहे आणि तिला हलवण्यासाठीच आपल्याला जन्माला घातलं आहे, अशी आमच्या आतोबांची ठाम समजूत होती. आत्याच्या लग्नातदेखील म्हणे त्यांनी भटजींना दोनदा उठवून बसवलं होतं. धुळ्याकडच्या एका बाजारगावात, भर चौकात त्यांचं घर होतं. मास्तरकीच्या पहिल्या नोकरीत मी त्यांच्याकडे राहिलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला कळलं, की माझ्या चपला पाहुण्यांच्या बाजूला पडल्या आहेत आणि मी तर घरचा. आतोबांनी सगळ्या घराचे विभाग पाडले होते. पान खायचं ते ओसरीत, हिशेबाचं बोलणं माजघरात आणि भांडण फक्त मागच्या पडवीत. आत्याला राग आला की ती आधी मुकाट्यानं पडवीत जायची आणि तिथून हाक मारायची, "आता या इकडे!" आतोबाही खांद्यावर उपरणं टाकून, बोलावणं आल्यासारखे जायचे.

घर आटोक्यात आल्यावर त्यांनी गावाकडे मोर्चा वळवला. गावच्या कमिटीत ते निवडून आले ते मुळी चौक मोकळा करण्यासाठी. गावात तेव्हा एकही मोटार नव्हती. यायची ती फक्त साहेब दौऱ्यावर आला तर. पण उद्या मोटारी येणार, पेठेत खरेदीला थांबणार, मग त्या उभ्या कुठे राहणार, या काळजीनं आतोबांना झोप लागेना. त्यांनी किराणा दुकानासमोर चुन्यानं एक मोठा चौकोन आखला आणि तो मोटारीसाठी राखून ठेवला. शेजारणींना वाळवणाला एवढी स्वच्छ जागा आयुष्यात मिळाली नव्हती. पुढे साहेबाची मोटार खरंच आली, तेव्हा त्या चौकोनात मिरच्या पसरलेल्या होत्या. साहेब शिंका देत पुढच्या गावाला गेला.

पण आतोबांचा खरा शत्रू म्हणजे कापसाच्या गाड्या. हंगाम लागला की सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या गाड्या आधी चौकात यायच्या. गाडीवाले बैल सोडायचे, पेंढी टाकायचे, तेल-मीठ घ्यायचे, आणि दुकानदारांना तेच हवं असायचं. त्यातली एक गाडी नेमकी आतोबांच्या ओट्याखाली लागायची. ती शिरपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा आतोबांना नाना म्हणायचे, वाकून रामराम करायचे आणि त्यांनी सांगितलेलं काहीएक ऐकायचे नाहीत.

आतोबांनी कमिटीकडून बोर्ड रंगवून आणला: 'येथे गाडी सोडू नये.' दुसऱ्या बाजाराला बघतात तो आबांची गाडी जागच्या जागी.

"वाचता येत नाही का?" आतोबा ओट्यावरून ओरडले.

"पोऱ्यासकडथून वाची लिधं ना नाना," आबा म्हणाले. "मी गाडी कोठे सोडी? बैल जुपेलच शेतस."

आणि खरंच, बैलांच्या मानेवर जू तसंच होतं. गाडी सुटली नव्हती, नुसती उभी होती. तेवढ्यात उभ्या बैलानं ओट्यावर मान टाकून आतोबांचं उपरणं चघळायला घेतलं.

मग आतोबांनी आठवडाभर डोकं खाजवून नवा नियम करून घेतला: 'शिपायाशिवाय गाडी उभी करू नये.' म्हणजे कमिटीचा शिपाई दाखवील तिथेच लावावी. पुढच्या बाजाराला आबांनी बैल सोडले, गाडी खाली पडू नये म्हणून पुढे दांडक्याचा टेकू दिला आणि भाकरी सोडून बसले. आतोबा धावत खाली उतरले. आबांनी शांतपणे त्या टेकूवर हात ठेवला. या टेकूला गाडीवाले शिपाईच म्हणतात.

"हाऊ शे ना शिपाई! पगार बी मांगत नही."

सगळा चौक हसला. आतोबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण खरं सांगायचं तर बाजाराच्या आदल्या दिवसापासून ते ओट्यावर येरझारा घालायचे आणि आबांची गाडी दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा.

शेवटी आतोबा जिंकले. कमिटीनं नाल्यापलीकडे नवा गाडीतळ केला आणि गाड्या तिकडे गेल्या. चौक मोकळा झाला. दुकानदार जांभया देत बसले, चुन्याच्या चौकोनात एक कुत्रं झोपू लागलं. "हे जेवायच्या जागी जेवत नाहीत, झोपायच्या जागी झोपत नाहीत," आत्या मला म्हणाली, "आणि भांडायला बोलावलं तर पडवीतही येत नाहीत रे." तिचे डोळे भरून आले होते.

पुढच्या बाजाराला सकाळीच आतोबांनी तो पहिला बोर्ड उपटला, खांद्यावर टाकला आणि नाल्याकडे चालू लागले. मी मागोमाग. गाडीतळावर एका निंबाखाली आबा बैल सोडून बसले होते. आतोबांनी बरोब्बर त्यांच्या गाडीसमोर बोर्ड रोवला.

आबांनी बोर्डाकडे पाहिलं, मग आतोबांकडे. "नाना, हाऊ ते गाडीतळ शे. आठे बी नको?"

"नको!"

"मंग बठा. भाकर खावा, मंग भांडूत."

तेव्हापासून दर बाजाराला दोघं निंबाखाली मनसोक्त भांडायचे. बरीच वर्षं हे चाललं. मग एका हंगामात कापूस आला आणि आबा आले नाहीत. आले नाहीत ते नाहीतच. आबा गेल्याचं त्यांच्या गावचा माणूस सांगून गेला. बाजाराच्या दिवशी मात्र आतोबा काठी घेऊन निघाले, मीही बरोबर.

गाडीतळ खच्चून भरला होता. जू जुवाला घासत होतं. फक्त निंबाखाली, त्या बोर्डामागे, एका गाडीपुरती जागा मोकळी होती. एक परका गाडीवाला तिकडे बैल वळवू लागला, तर दुसरा ओरडला, "तठे नको सोडू भाऊ! ती आबानी जागा शे."

जन्मभर आतोबांचा एकही बोर्ड कुणी पाळला नव्हता. हा मात्र सगळा तळ पाळत होता. आतोबांनी काठीचं टोक बोर्डाला टेकवलं.

"आबा असते," ते हळूच म्हणाले, "तर नियम मोडला असता रे."