जुन्या खाचेचं कार्ड

माझ्या दादाला ऑफिसात सगळे फूटपट्टी म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. तो घरांचे नकाशे काढायचा, त्यातही जिने. अडचणीची जागा, वाकडी भिंत, वर जायला वाट नाही, असं काही आलं की आर्किटेक्ट ते दादाच्या गळ्यात मारायचे. पायरीची उंची कमीजास्त झाली तर माणूस उतरताना पडतो, हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता कुठलाही जिना चढताना माझं डोकं उठतं.

आमचे आई-वडील लवकर गेले. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, मला त्यानंच वाढवलं. सातव्या वर्षी मी घरातली इस्त्री उघडली आणि फ्यूज उडवला, तेव्हापासून त्याच्या लेखी मी ठिणगी. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला बसेल असा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि म्हणाला, "उघडता येतं ना, मग बंदही करून दाखव." आज माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षं झाली. राग माझ्या नाकावर असतो, गिऱ्हाईकं दोन पावलं लांब उभी राहून बोलतात, पण बिघाड सांगावा तर हिनंच, असंही म्हणतात. हे मी ऐकून घ्यायचे आणि फुगायचे.

दादा चाळिशीपर्यंत लाकडी बोर्डावर शाईनं नकाशे काढत होता. चुकलेली रेघ ब्लेडनं अशी खरवडायचा की कागदाला पत्ता लागायचा नाही. मग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि त्याला शिकवायचं काम माझ्यावर आलं. देवा रे! माऊस उचलून हवेत धरायचा. मी ओरडायचे, तो शांतपणे म्हणायचा, "मी तुला सायकल शिकवली तेव्हा असा ओरडलो होतो का?" सहा महिन्यांत मात्र असा तरबेज झाला की ऑफिसातली नवी मंडळी त्याच्या खुर्चीमागे उभी राहायला लागली. पुढे ते ऑफिस बंद पडलं. त्यानं आपलं मशीन उचलून घरी आणलं, खिडकीजवळ टेबल मांडलं आणि बाहेरची कामं घ्यायला लागला. नकाशांचं त्याचं सॉफ्टवेअर त्या जुन्या मशीनशिवाय कुठेच चालत नव्हतं, आणि ते बनवणारे लोक कधीच गाशा गुंडाळून बसले होते. मी नवं घे म्हणायचे. ऐकेल तर शपथ.

गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. "ठिणगे, स्क्रीनवर ठिपके येतायत. रेघा थरथरतायत. कडेला मध्येच चमकल्यासारखं होतं, आणि डावीकडे खाली जरा काळपट वाटतं. सावली पडल्यासारखं."

"म्हातारं झालंय ते. तुझ्यासारखं," मी म्हटलं आणि बॅग घेऊन गेले.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. मी सोबत नेलेला मॉनिटर जोडला. त्यावरही ठिपके. म्हणजे मॉनिटर सुटला. केबल बदलली, तेच. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर सुरुवातीची पांढरी अक्षरं येतात ना, त्यांतही हिरवे-गुलाबी ठिपके. म्हणजे सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. राहिलं ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यामुळे स्क्रीनवर चित्र उमटतं ते. झाकण उघडलं. कार्डावरचा पंखा धुळीनं जाम झालेला, बोटानंही फिरेना. बाजूचे दोन कपॅसिटर नासलेल्या डब्याच्या झाकणासारखे फुगलेले. हातच्या काकणाला आरसा कशाला? पाच मिनिटांत मी निदान करून मोकळी.

"कार्ड गेलं," मी म्हटलं.

"आणि ती सावली?"

"मरायला टेकलेलं कार्ड वाट्टेल ते दाखवतं, दादा. सावली दाखवेल, भूतही दाखवेल."

तो हसला. वहिनी आतून म्हणाली, "झालं का एकदाचं निदान? सकाळपासून ह्यांनी घर डोक्यावर घेतलंय." सगळं कसं झकास जुळलं होतं. दिसणारा बिघाड आणि सापडलेला बिघाड एकच, असं मी धरून चालले. दुकानात शिकायला येणाऱ्यांना मीच बजावते की एक दोष सापडला म्हणून हात झटकू नका, दुसरा आहे का बघा. दुसऱ्याला सांगायला काय जातं.

अडचण अशी की त्या मशीनची कार्ड बसवायची खाच जुनी. आजची कार्डं त्यात बसतच नाहीत. भंगारवाले, जुने दुकानदार, ओळखीचे मेकॅनिक, सगळीकडे निरोप धाडले. दादा रोज विचारायचा, मी रोज उद्या म्हणायचे. त्याच्या हातात एका शाळेचं काम होतं, दोन मजल्यांचा जिना. मशीन चालेल तितका वेळ तो नाक काचेला लावून बसायचा. मी बंद ठेव म्हटलं तर म्हणाला, पोरं उतरणार आहेत त्यावरून, अर्धवट कसं ठेवू?

शुक्रवारी त्याचा परत फोन आला. माझ्यासमोर एक लॅपटॉप उघडा पडला होता आणि त्याचा मालक माझ्या डोक्यावर बसला होता. दादा म्हणाला, "अगं, मशीन बंद असतं तेव्हाही ती सावली कधीकधी दिसते. भिंतीवर. आणि जरा वर सरकल्यासारखी वाटते."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "दिवसभर त्या ठिपक्यांकडे बघतोस, ते डोळ्यांत बसलंय. स्वस्थ झोप जरा, आणि मला काम करू दे."

"बरं," तो म्हणाला. इतकंच. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. चाळीस वर्षं ज्या डोळ्यांनी त्यानं केसाएवढा फरक पकडला, त्या डोळ्यांवर संशय घ्यायचं त्याच्या मनात आलं नसेल. माझ्या मनात यायला हवं होतं. मला चष्मा नाही, लेन्स नाही, माझा आणि डॉक्टरचा संबंध नाही, सगळं खरं. पण मशीन बंद असताना दिसणारी सावली कार्डाची नसते, हे कळायला काय डॉक्टर व्हावं लागतं?

पुढच्या मंगळवारी कार्ड मिळालं. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मशीनमध्ये होतं. मी ते ब्रशनं साफ केलं, पंख्याला तेल दिलं, दुकानात दोन तास चालवून बघितलं. बुधवारी सकाळी लढाई जिंकून आल्यासारखी दादाकडे गेले. जुनं काढलं, नवं बसवलं, चालू केलं. आरशासारखा स्वच्छ स्क्रीन. एक ठिपका नाही. शाळेचा जिना उघडून दाखवला, गोल फिरवून दाखवला. रेघ जागची हलली नाही.

"बघ," मी म्हटलं.

दादा वाकून बघत होता. मग म्हणाला, "ठिपके गेले. पण रेघा वाकड्याच दिसतायत. ही पायरी मध्ये खचलीय."

"कुठे खचलीय? सरळ आहे."

"आणि ती सावली तशीच आहे. आता तर पडद्यासारखी अर्ध्यावर आलीय."

माझं डोकं सटकलं. आठ दिवस मी उकिरडे फुंकत हिंडले होते आणि हा बाबा म्हणतो सावली तशीच आहे. मी ताडताड बोलले. म्हटलं, कार्ड बदललं, केबल बदलली, आता काय भिंत बदलू? तुला मनासारखं काही मिळतच नाही. रागारागानं माझा मॉनिटरही जोडला. "आता?"

दादानं उजव्या हातानं उजवा डोळा झाकला. स्क्रीनकडे बघितलं. मग हात काढून डावा डोळा झाकला. पुन्हा उजवा. तिसऱ्यांदा त्यानं तसं केलं तेव्हा मी हातातली केबल खाली ठेवली.

"ठिणगे," तो म्हणाला, "मशीन बरोबर आहे."

तासाभरात आम्ही डोळ्यांच्या हॉस्पिटलात होतो. वहिनी बाहेर खिडकीवर कागद भरत राहिली, आत दादाबरोबर मी गेले. डॉक्टर वयानं माझ्याएवढीच बाई होती. तिनं थेंब घातले, दिवा लावून बराच वेळ डाव्या डोळ्यात बघितलं आणि सांगितलं की आतला पडदा, ज्यावर चित्र उमटतं तो, सुटलाय. सुरुवात कडेनं झाली, आता मध्यभागही सुटलाय. मग पेन उचलून तिनं विचारलं, "हे कधीपासून दिसतंय?"

मी मनात दिवस मोजायला लागले.

"आज सकाळी," दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता. आयुष्यात कधी ज्यानं एक सुताचं माप खोटं लिहिलं नाही, तो माणूस हातांची घडी घालून डॉक्टरच्या तोंडावर खोटं बोलत होता.

"आजचं नाही हे," ती म्हणाली. "आठवडा तरी झाला असेल. चमकणं, काळी सावली, आधी काहीच नाही?"

"लक्षात नाही आलं. माझं मशीन बिघडलं होतं, त्यात गेलं लक्ष. माझ्या बहिणीनं आजच दुरुस्त केलं, म्हणून तर कळलं."

"मध्यभाग चिकटलेला असताना आला असतात तर नजर बहुतेक वाचली असती," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. ती नुसती लिहीत होती. "ऑपरेशन उद्याच करू. पण या डोळ्याला सरळ रेघ आता सरळ दिसेल असं मी सांगू शकत नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नऊ दिवस झाले, हा मला दोनदा सांगत होता, असं एक वाक्य. ते मी बोलले नाही. डॉक्टरला तारीख हवी होती, आणि मी माझ्या चपलांकडे बघत उभी होते.

बाहेर आल्यावर दादा हळूच म्हणाला, "तुझ्या वहिनीला काही सांगू नकोस. तिला नीट समजणार नाही, ती तुला बोलेल."

ऑपरेशन झालं. पडदा चिकटला. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं. दोन्ही डोळे उघडे ठेवले की रेघा एकमेकींवर चढतात, म्हणून वाचताना तो डावा डोळा पट्टीनं बांधतो. पहिल्या महिन्यात त्यानं शाळेचा जिना पुरा करायचा प्रयत्न केला. मग आर्किटेक्टला बोलावून म्हणाला, हा दुसऱ्याकडून तपासून घ्या, एका डोळ्यावर मला खात्री देता येत नाही. त्यानंतर त्यानं काम घेतलं नाही. मशीन सुरेख चालतं. अजून एकदाही अडकलं नाही.

गेल्या रविवारी मी गेले होते. दादा आत पडला होता. वहिनीनं चहा आणून दिला आणि माझ्याशेजारी बसली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "हे रोज म्हणतात, ठिणगी त्या दिवशी आली म्हणून कळलं तरी. नाहीतर उजवाही गेला असता. तुझे उपकार कुठे फेडू गं मी?"

आत दादाची कूस बदलल्याची चाहूल आली. तो जागा होता.

"उपकार कसले, वहिनी," मी म्हटलं आणि चहा पिऊन टाकला.