ह्यांचा मळा

मखमलाबादच्या चतुराबाईंनी उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. प्रोग्रामर सून शुभांगी ज्या एडिटरमध्ये कोड लिहायची, त्यातच तिनं मळ्याची मोटर चालवायला सासूसाठी शब्दांची बटणं केली. 'गुलाब'वर क्लिक केलं की गुलाबाला पाणी, 'केरूचा मळा'वर केलं की शेवंतीला.

"ते नाव पुस. मी बोट नाय लावायची," चतुराबाईंनी बजावलं.

कपाळाला हात लावून शुभांगीनं तिथं 'ह्यांचा मळा' लिहिलं. अक्षरं बदलली, काम तेच राहिलं.

सकाळी केरूनाना चष्मा लावून स्क्रीनपुढं बसले. "माझा मळा कुठंय? हा तर कुणा ह्यांचा दिसतो."

चतुराबाईंनी त्यांचं बोट धरून बटणावर दाबलं. मोटर सुरू झाली.

"जन्मभर मी दुसऱ्या कुणाला 'हे' म्हणलं का?"