बोंबलदादाची बोलकी मशीन

माझ्या आतेभावाचा राग आधी कानांत चढायचा. कान लाल झाले की हमालसुद्धा बाजूला सरकायचे. मोताळ्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सगळे त्याला बोंबलदादा म्हणत. मी तिथला हिशेबनीस. कॉम्प्युटरमधली माझी अक्कल बटण दाबण्यापुरती, तेही दादाला विचारून.

कापसाच्या वजनांचा युनिक्स सर्व्हर दादाकडे होता. लाइट सारखी जायची, दर वेळी सर्व्हर नव्याने उठायचा. उठताना काय झालं, काय अडलं, ती प्रत्येक ओळ पडद्यावर दिसेल आणि सिस्टिमच्या लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीतही उतरेल, अशी स्क्रिप्ट त्याने लिहिली होती. दोन्हीकडे कशाला, असं मी एकदा विचारलं.

"पडद्यावरचं सरकून जाते, अन् लॉग कोणी उघडत नाही. तुह्यासारख्याईसाठी दोन्ही लागते बे."

आमच्या मालकांना, शेठजींना, त्या ओळी अशुभ वाटत. मशीन सुरू होताना गणपती दिसावा म्हणून दसऱ्याला त्यांनी पुण्याहून माणूस आणला. ओळी मधे येतात म्हणून त्याने स्क्रिप्टचं बोलणंच बंद केलं, पडद्यावरचं आणि लॉगमधलंही. आम्ही नारळ फोडला. प्रसाद मीच वाटला, दोनदा खाल्लाही. दादाने हात पुढे केला नाही.

"लेकरू जन्मल्यावर रडलं नाही त सुईण त्याले थापटते," तो शेठजींना म्हणाला. "तुमी पेढे वाटून राह्यले."

ऐन हंगामात एकदा लाइट आली, गणपती झळकला, पण वजनांच्या नोंदींची डिस्क जोडलीच गेली नव्हती. ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. दिवसभराची वजनं तात्पुरत्या जागी साठली आणि पुन्हा लाइट गेली तशी पुसली गेली. पावत्या संध्याकाळी निघायच्या, त्या निघाल्याच नाहीत. शेतकरी फाटकाशी भडकले. शेठजींनी सगळ्यांदेखत दादाकडे बोट केलं. ते बोट आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात.

मग शेठजींनी केबिनमध्ये त्याला समजावलं: चूक कबूल कर, नोकरी राहील.

"मशीनचं तोंड बांधलं," दादा म्हणाला, "आता माह्यं बांधता काय?"

त्याच दिवशी तो गावी, उंद्रीला निघून गेला.

गेल्या आठवड्यात शेठजींनी मला त्याला आणायला धाडलं. दादाची अट एकच: त्याच फाटकाशी, त्याच शेतकऱ्यांसमोर, चूक कोणाची ते शेठजींनी सांगावं. बाकी बरंच बोलला.

"थोडक्यात सांगा," मी एकटाच परतल्यावर शेठजी म्हणाले.

मी केबिनचं दार उघडं ठेवलं आणि दादाचं बोलणं पहिल्या शब्दापासून सगळं ऐकवलं, शिव्यांसकट, बाहेरच्या हमालांपर्यंत पोचेल अशा आवाजात.