पोस्टाचा साहेब माझ्या कुरिअरात

चहा आधी संपवा बघू. गरम चहा हातात असताना हा किस्सा मी सांगत नाही. मागं एकदा सांगितला तर ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला होता. तुम्ही पण हसणार, मला माहीत आहे. हसा. मला मात्र ते आठवलं की अजूनही कानाच्या पाळ्या तापतात आणि उशीत तोंड खुपसून पडावंसं वाटतं.

माणसानं चूक करावी हो, पण किती? काही मर्यादा?

तर तेव्हा शाहूपुरीत माझं कुरिअरचं दुकान होतं. मुंबईच्या एका कंपनीची एजन्सी. आत एक टेबल, एक वजनकाटा, एक फोन. आणि बाहेर दुकानापेक्षा लांब बोर्ड. ते दिवसच तसे होते. कोल्हापुरात ज्याला दुसरं काही सुचायचं नाही तो एसटीडी बूथ टाकायचा, नाहीतर कुरिअर काढायचा. मला एसटीडी बूथ मिळाला नाही.

धंदा बरा चालला होता. पण डोक्याला एक भुंगा लागलेला. पत्र पोचवायचा हक्क फक्त सरकारी पोस्टाचा, असा इंग्रजांच्या काळचा कायदा आहे म्हणे! मग आम्ही रोज पोत्यानं पोचवतो ते काय? त्यावर आमच्या कंपनीनं एक शक्कल काढलेली. 'पत्र' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. 'डॉक्युमेंट' म्हणायचं.

आता हे गिऱ्हाइकाला कसं समजवायचं, सांगा. एकदा एक आजी आली.

"लेकीला पत्र धाडायचं हाय, बाळा."

"आजी, पत्र न्हवं. डॉक्युमेंट म्हणा."

"आरं ख्यालीखुशाली लिवलीया. पत्रच हाय ते!"

"हळू बोला की आजी!"

त्यात पेपरला बातमी आली. सरकार नवा कायदा आणणार, कुरिअरवाल्यांना लायसन लागणार, पोस्टाकडं नोंदणी करावी लागणार. कधी लागणार, कुठं मिळणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. शॉप ॲक्टचं लायसन होतं माझ्याकडं. पण हे पोस्टाचं लायसन तोवर जन्मालाच आलेलं नव्हतं. म्हणजे बघा, जे लायसन जगात कुणाकडंच नव्हतं ते माझ्याकडं नाही म्हणून मी रात्रंदिवस घाबरत होतो!

आणि नेमकं त्याच सुमाराला घरात माझ्या लग्नाचं चाललेलं.

आमच्या मामांनी जयसिंगपूरकडचं स्थळ आणलं होतं. फोटो मी बघितला होता. खोटं कशाला सांगू, परत परत बघितला होता. आईला दिसू नये म्हणून पेपरात घालून बघितला होता. मामा दुकानात येऊन सांगून गेले, "भूपाल, उद्या मुलीचे वडील घरी येणार हायत. अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची, तवा लवकर ये." आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. वडील कुठं नोकरीला असतात, काय करतात, तेही सांगितलं त्यांनी. पण मी त्या वेळी एका पार्सलाचं वजन करत होतो. मान हलवली, झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचा पानपट्टीवाला बंडू धावत आला.

"भूपाल, एक माणूस तुझी चौकशी कराय लागलाय. पोस्टातला हाय."

"पोस्टातला? तुला कसं कळलं?"

"त्यानंच सांगितलं की! शेजारच्या सायकलवाल्याला पण विचारून आला. आता बेकरीत शिरलाय."

"काय विचारालाय?"

"सगळंच! धंदा कधीपास्नं, जागा भाड्याची का मालकीची, कुणाची तक्रार हाय काय, व्यवहाराला कसा हाय. तू तंबाखू खातोस काय, ते पण विचारलं."

"तंबाखू? ती कशाला?"

"आता नव्या कायद्यात असंल की!"

तुम्हाला कळलं ना? एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं! मला दिसत होतं फक्त सील ठोकलेलं दुकान आणि पोलिसांच्या गाडीत बसलेला मी.

पाकिटांची पोती उचलली आणि सायकलवाल्याच्या मागच्या खोलीत टाकली. वजनकाटा टेबलाखाली ढकलला. बोर्डावर ताडपत्री टाकली. ती आखूड पडली, शेवटची 'रिअर' ही अक्षरं उघडीच राहिली. राहू देत म्हटलं! आता टेबलावर काय मांडायचं? हुपरीचा माझा मावसभाऊ चांदीच्या पैंजणांचा डबा ठेवून गेलेला, पुढं पाठवायला. तो उघडला, पैंजण पसरले आणि सराफासारखा मांडी घालून बसलो. खुर्चीत मांडी घालून! सराफ तसे बसतात असं मला का वाटलं, देव जाणे.

तेवढ्यात ते आले. टेरिकॉटचा शर्ट, खिशाला पेनं, काखेत कातडी बॅग. नखशिखान्त सरकार!

"नमस्कार. कुरिअरचं दुकान हेच ना?"

"कुरिअर? कसलं कुरिअर?"

त्यांनी मान वर करून ताडपत्रीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"भूपाल चौगुले आपणच?"

"व्हय," तोंडातून निघून गेलं. "पण दुकान माझं न्हाय!"

"मग कुणाचं?"

"हाय एकाचं. गावाला गेलाय. मी नुसता बसतो."

"म्हणजे नोकरीला आहात."

"छे छे! पगार न्हाय, काय न्हाय. असंच बसतो."

त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मग आपण करता काय?"

"काय न्हाय."

"काहीच नाही?"

"अजिबात न्हाय! कायद्याच्या बाहेरचं तर अजिबातच न्हाय!"

"आम्हाला तर सांगितलं होतं, चांगला चालता धंदा आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या अगदी जवळच्या माणसानं."

म्हणजे फितुरी! माझ्या अंगाचा नुसता भडका. "साहेब, लोकं जळत्यात हो! काय पण सांगत्यात. माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं तर अजिबात विश्वास ठेवू नका!"

असं मी म्हणालो. माझ्या तोंडानं.

आणि नेमके त्याच वेळी शिंदे कंत्राटदार आत आले. शिंदे म्हणजे पूर्वीचे पैलवान. दारातून आडवेच शिरतात. आदल्या दिवशी त्यांनी मुंबईला पाठवायला टेंडरचं पाकीट दिलेलं.

"भूपाल, माझं पाकीट पोचलं काय रं?"

मी त्यांच्याकडं अनोळखी नजरेनं बघितलं. "कोण आपण?"

"कोण म्हंजे? काल तुझ्या हातात दिलंय की!"

"पावणं, दुकान चुकलासा तुम्ही."

"दुकान चुकलो? आरं ह्याच टेबलावर दिलंय!" त्यांनी टेबलावर हात आपटला. पैंजण छनछन करत उडाले.

मी डोळ्यांनी खुणावलं, जरा दम धरा म्हणून.

"डोळं काय मारालास? सरकारी टेंडर हाय ते! पोचलं न्हाय तर तुला पंचगंगेत बुचकाळून काढतो, थांब! आलोच माणसं घिऊन!"

शिंदे गेले. साहेबांनी हळूच विचारलं, "असं नेहमी होतं?"

"रोज," मी म्हणालो. काय म्हणायचं होतं मला, अजून कळलेलं नाही.

आता शेवटचा उपाय. आयुष्यात कधी कुणाला लाच दिली नव्हती. त्यातल्या त्यात नाजूक बघून पैंजणांचा एक जोड उचलला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"साहेब, घरात मुलगी असंलच की."

ते दचकले. "आहे. तिच्यासाठीच तर मी..."

"मग झालं तर! हे तिला घाला माझ्याकडनं. आणि हा विषय इथंच मिटवून टाका. परत हिकडं यायला नको, चौकशी नको, काय नको."

त्यांनी त्या पैंजणांकडं बघितलं. मग हळुवार हातानं ते टेबलावर ठेवले. "बरं झालं, चौगुले," ते म्हणाले. "स्पष्ट सांगितलंत." आणि मान खाली घालून निघून गेले.

माझा आनंद काय सांगावा! मी ताडपत्री काढली, पोती परत आणली. मुंबईला फोन लावला. पाकीट कधीच पोचलं होतं. शिंदे माणसं घेऊन आले, त्यांना बातमी सांगितली, सगळ्यांना बंडूकडचं पान खाऊ घातलं. आणि स्कूटर काढून शीळ घालत घरी निघालो.

घराच्या दारात परक्या चपला दिसल्या. पावणे आलेले दिसतात, म्हटलं. बरंच झालं! जावई कसा हुशार आहे ते त्यांनाही कळू दे. पायऱ्यांवरनंच ओरडलो,

"आई! आज पोस्टाच्या साहेबाला असा गुंडाळला, असा गुंडाळला! दुकान माझंच न्हाय म्हटलं. येड्याला सगळं खरं वाटलं की! गेला गप मान खाली घालून!"

आणि आत पाऊल टाकलं.

पलंगावर तेच साहेब बसले होते. हातात पोह्यांची बशी, तशीच न शिवलेली. शेजारी मामा. दारात आई, पदर तोंडाला लावून.

मामा उठले. आवाज कसातरीच झालेला. "भूपाल, हे मगदूम. मुलीचे वडील. पोस्टात असतात, तुला सांगितलं होतं की मी."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल, अशी मी वाट बघत उभा राहिलो. कोल्हापूरची जमीन लई टणक आहे हो.

"मी नकारच कळवायला आलो होतो," मगदूम शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, मुलाला मुलगी पसंत नाही, म्हणून पैंजण देऊन वाटेला लावतोय. चौगुले, मी बचत खात्याच्या खिडकीवर बसतो. लोकांची पासबुकं भरतो. कुरिअरची तपासणी आमच्याकडं कुठली? मला एवढंच बघायचं होतं, मुलगा कामाला कसा आहे."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला धरून शेजारी बसवलं, ते तर आणखीच वाईट. मी सगळं सांगितलं. कायदा, बातमी, डॉक्युमेंट, बंडू. त्यांनी ऐकून घेतलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "दुकान माझं नाही, असं तुम्ही सांगत होता, तेव्हा तुमच्या डोक्यावर भिंतीला शॉप ॲक्टचं लायसन टांगलेलं होतं. मालक, भूपाल चौगुले. मी ते वाचत होतो आणि तुम्ही बोलत होता."

आईनं तोंडावरचा पदर डोळ्यांवर नेला. मामा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मग आता..." मामांनी चाचरत विचारलं. "गैरसमज तर मिटला की, मगदूम. पोरगं घाबरलं हो."

मगदूम उठले. चपला घातल्या. रागानं नाही, अगदी जपून बोलल्यासारखं म्हणाले, "घाबरण्याचं काही नाही, कुणीही घाबरतं. पण रोजचं गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला हे म्हणाले, कोण आपण? उद्या खरोखरचा साहेब आला तर माझ्या मुलीलाही हेच विचारतील."



ते गेल्यावर आईनं पोहे परत भांड्यात ओतले, झाकण ठेवलं आणि म्हणाली, "तो फोटो दे. परत पाठवायचा हाय." पेपरातनं काढून दिला.

फोटो कसा पाठवायचा, हा प्रश्नच नव्हता. पोस्टानं.

पुढं एकदा आम्हा कुरिअरवाल्यांची बैठक होती. त्याच कायद्याची परत हूल उठलेली. लायसन लागणार, लागणार! माझ्या शेजारी राजारामपुरीतला एक नवा एजंट बसलेला. गोरागोमटा, हसतमुख. मी त्याला म्हटलं, "लई भ्या वाटतंय गा या पोस्टवाल्यांचं."

"कशाला भ्यायचं?" तो म्हणाला. "आमचे सासरे पोस्टातच हायत की. बचत खात्याला. मगदूम म्हणून."

खाज गप बसू देईना. "लगीन ठरायच्या आधी ते दुकानात आले असतील की, चौकशीला?"

"आल्ते की."

"मग? काय काय विचारलं त्यांनी?"

"काय न्हाय वो. दुकान तुमचंच काय, म्हणाले. मी व्हय म्हणालो. झालं की!"