दस्तीखालचा सौदा

माझ्या भाचीचा, सुषमाचा व्हिसा वाढवून मिळाल्याचा निरोप आला, तेव्हा मी वालूरला आक्काच्या दारातला तेराव्याचा मांडव सोडत होतो. जावई विठ्ठल घरातून बाहेर आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. इंग्रजीतल्या दोन-चार ओळी होत्या. “मंजूर झालं, मामा,” एवढंच तो म्हणाला, ओट्यावर बसला आणि तोंडावर हात धरून रडायला लागला. मला रडू आलं नाही. हातातली सुतळी मी अशी हिसडली की तळहाताची साल निघाली. ज्या कागदासाठी माझ्या बहिणीने स्वतःचं मरण पोटच्या लेकीपासून लपवलं, तो कागद तिच्या तेराव्याच्या पंगती उठल्यावर आला होता...

आक्का माझी थोरली बहीण. आमचे आबा जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडाने बोलत नाहीत. दस्ती, म्हणजे खांद्यावरचा मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायची आणि तिच्याखाली बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. पटलं तर पंजा दाबायचा, नाही पटलं तर हात सोडायचा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असोत, आत काय चाललंय ते त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही, आणि आत झालेलं बाहेर सांगायचं नाही हा नियम. आम्ही दोघं भावंडं घरात तोच खेळ खेळायचो. गुळाचा खडा कुणाला मोठा, विहिरीवर पाण्याला कुणी जायचं, सगळं आबांच्या जुन्या दस्तीखाली ठरायचं. मी पुढे या धंद्यावरच वर आलो, देवगाव फाट्यावर जुन्या ट्रॅक्टरांचं दुकान टाकलं, आणि भाव करताना मी कुणाला ऐकत नाही असं लोक म्हणतात. पण आक्का माझ्याहून तयार होती. दाजी वारले त्या वर्षी ती स्वतः बैलजोडी घेऊन बाजारात उभी राहिली. व्यापारी बाईमाणसाच्या हातावर दस्ती टाकायला तयार होईना. तेव्हा तिने माझ्या खांद्यावरची दस्ती ओढली, स्वतःच्या हातावर टाकली आणि त्याला म्हणाली, “हात द्या, न्हाईतर बैल निघाले घरला.” त्याने मान खाली घालून हात दिला. तिने मिळवलेला भाव मला कधीच कळला नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आत झालेलं बाहेर सांगत असतेत व्हय?”

त्या बैलांवर सुषमा शिकली. परभणीला शेतकीचं मोठं शिक्षण झालं, पिकांवरच्या रोगांची तपासणी करण्यात पोरगी हुशार निघाली आणि इंग्लंडातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावून घेतलं. बोलावून घेतलं हे नीट लक्षात ठेवा. ती पाया पडत गेली नव्हती, त्यांना तिची गरज होती. नवरा विठ्ठल पूर्णेला रेल्वेत. लेक ओवी तेव्हा दुडूदुडू चालत होती. ठरलं असं की आधी सुषमाने जायचं, जम बसवायचा, मग नवरा आणि लेकरू जाईल. तोवर विठ्ठलच्या पाळ्यांमुळे ओवी वालूरला आक्काकडे. वर्षभराचा तर प्रश्न होता.

वर्षभरात व्हिसाची फी वाढली. माणशी वेगळी, लेकराचीही मोठ्या माणसाएवढी, आणि पुढच्या सगळ्या वर्षांचे दवाखान्याचे पैसे एकदम आगाऊ. मी सुषमाला फोनवर म्हणालो, थांब जरा, घाई करू नको, भाव उतरेल. माझी सगळी हयात बाजारात गेली. बाजार उठायची वेळ झाली, जनावर तसंच उभं राहिलं की धनी खाली येतोच. मी असं सांगणार नाही तर काय सांगणार! आम्ही थांबलो आणि फी आणखी वाढली. मग मी विचारलं की तिथल्या साहेबाला गाठून काही कमी-जास्त होईल का. सुषमा हसली. “मामा, समोर माणूसच नसतंय. बटन दाबायचं, पैसे जात्यात.” मी म्हणालो, मग भांडायचं कुणाशी? आक्का बाजूला शेंगा फोडत होती. तिने एकच विचारलं, की दवाखान्याचे पैसे पगारातून कापतात ना? सुषमा म्हणाली कापतात. वर परत हे आगाऊ? हो. आक्का म्हणाली, “मंग तुला आजारी बी दोनदा पडू देत्यात का?” त्या दिवशी फोनवर आम्ही तिघंही खूप हसलो. त्यानंतर त्या विषयावर हसल्याचं मला आठवत नाही.

मग सुषमाने आणि तिच्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांनी तिकडे गट केला. कुणी इंजिनिअर, कुणी संगणकवाले, कुणाची बायको मागे राहिलेली, कुणाचं लेकरू. त्यांनी वकील लावून फीवाढीला कोर्टात आव्हान दिलं आणि तिथल्या काही खासदारांपुढे मागे राहिलेल्या घरच्यांनी व्हिडिओवरून बोलावं असं ठरवलं. आक्काचं नाव सुषमाने दिलं. वालूरला रेंजचा भरवसा नाही म्हणून आक्का माझ्या दुकानात आली, ओवीला मांडीवर घेऊन काचेच्या टेबलामागे बसली. मी तिला आदल्या दिवशी पढवलं होतं. जास्त सांगायचं, रडायचं, मग ते अर्ध्यावर येतील. तिने माझं काही ऐकलं नाही. समोर पडद्यावर गोरी माणसं ओळीने बसलेली, एका कोपऱ्यात सुषमा, आईचं बोलणं इंग्रजीत सांगायला. आक्काने माझी दस्ती मागितली, आपल्या हातावर टाकली, आमच्याकडे भाव कसा ठरतो ते त्यांना दाखवलं आणि म्हणाली, “साहेब, भाव वाढवायला आमची ना न्हाई. तुमचा माल, तुमचा भाव. पर हात दिल्यावर वाढवायचा न्हाई. माझी लेक तुमी हात देऊन नेली. ती तिथं पोचली, तिचं घर हिकडं राहिलं, अन मंग तुमी भाव वाढवायलाव. आमच्या बाजारात आसं करणाऱ्याच्या हातावर परत कुणी दस्ती टाकत न्हाई.”

सुषमाला ते इंग्रजीत सांगता सांगता थांबावं लागलं. त्यातल्या एका म्हाताऱ्या खासदाराने विचारलं की तुम्हाला स्वतःला लेकीकडे यावंसं वाटतं का. आक्काने उलट विचारलं, “माझी बी फी लागल का?” तिकडे हशा झाला. मला मात्र तिच्या कपाळावरचा घाम दिसला. बोलणं संपलं तशी ती टेबलाला धरून उठली आणि पोटाशी हात नेला. मी विचारलं तर म्हणाली, जेवले न्हाई सकाळपासून.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. पोटात गाठ होती आणि ती पसरलेली होती. डॉक्टर मला बाहेर नेऊन काही सांगू लागले. मधूनच आक्काने हाक मारली म्हणून ते आत गेले आणि तिच्याशी एकटीशी बोलून आले. मी बाहेरच्या बाकावर बसून सुषमाचा नंबर काढला होता. आक्का आली, शेजारी बसली, मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुषमाच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. ती वाढवून मागण्याचा अर्ज तिने केला होता, त्याची वाढीव फी भरली होती. कोर्टातलं प्रकरण चालू, पण निकाल लागेपर्यंत फी कुणाला चुकत नाही. तो अर्ज तिथे पडून असताना ती देशाबाहेर पडली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. पैसे गेले, नोकरी गेली, आणि तिच्या जिवावर नवऱ्याचे, ओवीचे अर्ज व्हायचे तेही गेले. आक्काला हे सगळं पाठ होतं. ती म्हणाली, “तिला सांगितलं तर ती एका पायावर यील, नामा. अन आली तर ओवी कायमची हिथं.”

मी भडकलो. दवाखान्यात लोक वळून बघायला लागले. मी म्हणालो, आई मरायला टेकली आणि लेकीला सांगायचं नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आक्काने माझ्या खांद्यावरची दस्ती ओढली आणि दोघांच्या हातांवर टाकली. किती वर्षांनी... तिच्या बोटांत जोर नव्हता. तिने माझी पाचही बोटं धरली. पाच महिने सांगायचं नाही. मी हात सोडला नाही, कारण हात सोडला असता तर बोलणंच संपलं असतं. मी तिचं एक बोट धरलं. ती चारवर आली. मी परत एकच. ती तीनवर आली. कागद दोन महिन्यांत येतील असं सुषमा म्हणत होती, म्हणून मी दोन बोटं धरली. आक्काने माझ्याकडे बघितलं आणि माझा पंजा दाबला. खरं सांगतो, त्या बाकावर बसूनसुद्धा मला आतून बरं वाटलं. आक्काला मी पाचावरून दोनावर आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे रोज फोन व्हायचा. आक्का खिडकीच्या उजेडात बसायची, पदर नीट करायची आणि मोबाइल ओवीच्या हातात द्यायची, म्हणजे तो हलत राहील. सुषमा म्हणायची, आई, वाळलीस किती. आक्का म्हणायची, ऊन लय हाय औंदा, खाण्यावर मनच जाईना. मी पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभा असायचो. सुषमाने कधी विचारलं की मामा आईला काय झालंय, तर मी जनावराच्या गुणदोषावर बोलावं तसं कोरडेपणाने म्हणायचो, म्हातारी झाली, दुसरं काय. विठ्ठललाही आम्ही कळू दिलं नाही, तो बायकोशी खोटं बोलू शकला नसता.

दोन महिने भरायच्या आत आक्का गेली. दुपारी, ओवी शाळेत असताना. सुषमाने आईचं शेवटचं तोंड विठ्ठलच्या मोबाइलवर बघितलं. ती ओरडली नाही. सगळं उरकल्यावर तिने मला फोन केला आणि आईला काय झालं होतं, कधीपासून, कुणाला माहीत होतं, एकेक विचारलं. मी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “लवकर निकाल पाहिजे आसल तर येगळी फी असते, मामा. चार दिवसांत कागद मिळतेत. ती मी भरली न्हाई, ओवीच्या फीला ठेवले पैसे. मला घाई हाय हे तुमी मला कळूच दिलं न्हाई.” मी म्हणालो, आक्काशी शब्द झाला होता. ती म्हणाली, “निवडायचं ते मला निवडू द्यायचं होतं.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

त्या वेगळ्या फीबद्दल मला ठाऊक नव्हतं. आक्कालाही नसणार. पण दुसरी एक गोष्ट तिला ठाऊक होती. नांदेडला तिचे कागद आणायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाई धीराच्या होत्या, मला आत बोलावून सरळ विचारलं किती दिवस, मी सांगितलं महिना-सव्वा महिना. मी जिना उतरलो आणि त्याच बाकावर बसून राहिलो. महिना-सव्वा महिना ऐकून ती बाहेर आली होती आणि माझी पाच बोटं धरली होती. मी दोनावर येणार हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मीसुद्धा गिऱ्हाइकाशी असंच करतो. तिला मी खाली आणलं नव्हतं, तिने मला तिला हव्या त्या जागी आणून बसवलं होतं...

माझा तिच्यावर राग आहे. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो. आणि आज मी तो जुना नियमही मोडतो आहे, आत झालेलं बाहेर सांगतो आहे, कारण जिने तो सौदा केला ती गेली आणि ज्यांच्यामुळे करावा लागला त्यांना तो झाल्याचं माहीतही नाही. फी परवडत नसेल तर लोकांनी भरू नये, घरी बसावं, असं मला आमच्याच गावात तोंडावर सांगणारे आहेत. त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की आईचं शेवटचं तोंड आणि पोटचं लेकरू या दोन्हींतलं एक निवडायला जी लावते, तिला फी म्हणत नाहीत. तिला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते छापता येणार नाही.

सुषमाचा कागद आला, पण मधल्या काळात घरच्यांची फी परत वाढली. मी विठ्ठलकडून निरोप धाडला की सगळे पैसे मी भरतो, ओवीला उद्या पाठवतो. उत्तर आलं, मामाचे पैसे नकोत. कोर्टात तारीख पडते आहे, पुढची पडते आहे. ती लढते आहे आणि मी तिच्या बाजूचा असून मला तिच्या बाजूला उभं राहता येत नाही. ओवी आता आमच्याकडे फाट्यावर असते. बाप सुटीच्या दिवशी पूर्णेहून येतो, आई रोज मोबाइलवर येते. मी त्या वेळी बाहेर जाऊन ट्रॅक्टर बघतो.

परवा ओवी दुकानात माझ्या शेजारी येऊन बसली. आईशी बोलणं नुकतंच झालं होतं. काही न बोलता तिने माझ्या खांद्यावरची दस्ती ओढली आणि आमच्या हातांवर टाकली. आक्काने तिला कधी शिकवलं कुणास ठाऊक. आतून तिने माझं एक बोट धरलं. मी विचारलं, एक काय गं? “बोलायचं नसतंय,” ती म्हणाली. “आजीनं सांगितलंय.” तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. आई एका महिन्यात भेटेल का. मी पंजा दाबला नाही. तिने थोडी वाट बघितली आणि दुसरं बोट धरलं. मग तिसरं. मी पंजा दाबत नाही म्हणून ती आपणहून वाढवत चालली होती. चार झाली. पाचवं बोट तिच्या मुठीत मावत नव्हतं. ते धरायला ती दुसरा हात दस्तीखाली घालत होती, आणि मला ना पंजा दाबता येत होता, ना हात सोडता येत होता.