बेडकाचा वाडगा

चिनीमातीची भांडी घडवणाऱ्या मावशींचा एक हट्ट होता. पानं, शिंपले, भोपळे बघून त्या भांडी करायच्या आणि भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं परीक्षेला अंगणात ठेवायच्या. एखादा जीव फसून त्यात राहायला आला, तर भांडं पास. नाही आला, तर नापास, आणि मग ते दुकानात.

त्यामुळे दुकानात सगळा नापास माल होता आणि गिऱ्हाईकं त्याच्यावरच लट्टू होती. पास झालेली भांडी अंगणात सुखानं नांदत होती. किटलीत गोगलगाय होती, घरट्यासारख्या ताटलीत चिमणीची अंडी. मावशींचे यजमान बिचारे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचे, कारण त्यांच्या कपात कोळ्यानं बिऱ्हाड थाटलं होतं.

एकदा मावशींची नणंद आली आणि कमळाच्या पानासारख्या हिरव्या वाडग्यावर तिचा जीव जडला. वाडग्यात बेडूक बसला होता.

"वहिनी, मला हाच हवा. दुकानातलं नापास काही नको."

"मग त्यालाच विचारा, वन्सं."

नणंदेनं आधी लाडीगोडी लावली, मग दम भरला, शेवटी चक्क हात जोडले. बेडकानं तिला नीट न्याहाळलं आणि टुणकन उडी मारून तो कुंपणापलीकडे गेला.

"दिला! दिला!" नणंद हरखली.

मावशींनी सुस्कारा सोडून वाडगा तिच्यापुढे धरला. "सोडून गेला, म्हणजे नापास झाला. घेऊन जा."

नणंदेनं झटकन हात मागे घेतला. मग ती किटलीपाशी उकिडवी बसली आणि तिनं गोगलगाईला हात जोडले.